बोलकी खेळणी विकणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं खेळण्यांच्या दुकानात विक्रेता आहे आणि या एकतीस वर्षांत तो सलग पाच मिनिटं गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. दाढ काढली त्या दिवशीसुद्धा गालात कापसाचा बोळा धरून तो दातांच्या डॉक्टरांना सांगत होता, की लहान मुलांसाठी खोट्या दवाखान्याचा संच घ्यायचा तर कुठला टिकतो. घरात त्याला सगळे रेडिओ म्हणतात. नाव मी ठेवलं, तो सातवीत असताना, आणि त्याला ते आवडलं, हेच माझं दुखणं आहे. आपण टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो शाबासकी समजून खिशात घालावा, याचा मला फार राग येतो.

मी स्वतः लघुलेखक होते. पस्तीस वर्षं साहेब लोक बोलत होते आणि मी लिहून घेत होते. त्यामुळे फार बोलणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते मी दिवसातून दहा वेळा बोलून दाखवते. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. रेडिओची बायको गेली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून त्याच्याकडे आले ती राहिलेच. घरात आम्ही दोघं, त्याची मुलगी आणि मुलीची मुलगी. जावई दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. नात तेव्हा सव्वादोन वर्षांची. इथली वस्तू उचलून तिथे नेऊन ठेवणं हा तिचा दिवसभराचा उद्योग, म्हणून ती मुंगी. चमचे न्हाणीघरात सापडत आणि साबण माझ्या चपलेत.

मुंगीची आई सकाळी आठला घर सोडते. एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. रेडिओची पाळी दुपारी एकला सुरू होते. म्हणजे आठ ते साडेबारा मुंगी त्याची आणि नंतर माझी. बायको गेल्यावर हे साडेचार तास हेच त्याचं जगणं झालं होतं. पाचला उठून दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि आठच्या ठोक्याला सतरंजीवर मांडी घालून हजर. एखाद्या सकाळी मुलीला सुट्टी असली की याचा चेहरा उतरायचा. तो काही बोलून दाखवायचा नाही, म्हणजे याविषयी नाही, बाकी बोलणं चालूच.

मुंगी मात्र बोलत नव्हती. आई, आबा, दे, नको आणि भू, एवढे पाच शब्द. भू म्हणजे पाणी, कुत्रा, गाडी आणि बहुतेक मीसुद्धा. शेजारच्या तिच्याच वयाच्या मुलानं एकदा जिन्यात मला सांगितलं, की त्याचा बूट ओला झालाय आणि आई रागावलीय. मी वर येऊन दार लावलं आणि उगाचच रेडिओवर खेकसले.

कान तपासले. उत्तम. मग मुलीनं एका वाचातज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. आमच्या घरात त्यांचं नाव बोलण्याच्या डॉक्टर असं पडलं. पहिल्या भेटीला आम्ही सगळेच गेलो. बाईंनी विचारलं, घरी कुठली खेळणी आहेत, आणि रेडिओची कळी खुलली. त्यानं यादीच सुरू केली. बटण दाबलं की अक्षरं म्हणणारा संगणक, पोट दाबलं की पाढे म्हणणारं अस्वल, पान उलटलं की वाचून दाखवणारं पुस्तक, बारा प्राण्यांचे आवाज काढणारं शेत. यातलं प्रत्येक खेळणं त्यानं दुकानातून आणलं होतं, पोरीच्या कानावर सतत शब्द पडावेत म्हणून. एक खेळणं थकलं की दुसरं बोलायचं, दोन्ही थकली की हा बोलायचा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश सांगितलं. ही खेळणी एकच गोष्ट करतात, आणि तीही स्वतःच करतात. मुलीला त्यात बटण दाबण्यापलीकडे काम नाही. तिला असं काहीतरी द्या, जे स्वतः काहीच करत नाही. ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, कापडी बाहुली, साधे लाकडी प्राणी, रिकामं खोकं, रुमाल. ठोकळा आज फोन असेल, उद्या साबण असेल. तो आज कोण आहे हे फक्त तिलाच ठाऊक असतं, आणि ते दुसऱ्याला कळावं असं वाटलं, की तिला शब्द लागतो.

रेडिओ चाट पडला. ही असली खेळणी त्याच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असतात, धूळ खात. बोलणारं खेळणं स्वतःच विकलं जातं, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. मुका ठोकळा विकायचा तर विक्रेत्याला तोंड झिजवावं लागतं. परतताना तो सगळ्या रस्त्यानं हेच सांगत होता, आणि शेवटी म्हणाला, एवढंच ना, आणतो.

त्याच वाटेवर त्याची मुलगी मला हळूच म्हणाली, की ती दोन महिने बघणार आहे. फरक पडला नाही तर मुंगीला पाळणाघरात घालणार. तिथे दहा मुलं आहेत, मुलांत राहून मुलं बोलतात असं सगळे म्हणतात. बापाला तिनं हे घरी आल्यावर सांगितलं, अगदी प्रेमानं, हातात हात घेऊन. त्यानं मान डोलावली, बरोबर आहे तुझं म्हणाला, आणि उठून आधीच पुसलेला ओटा परत पुसायला लागला. त्याच्या पाठीकडे बघून मला कळलं, की आपले साडेचार तास चालले, असं त्याच्या मनानं घेतलंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दोन पिशव्या आणि एक खोकं घेऊन आला. खालची फळी झाडून आणली होती म्हणा ना. चौऱ्याहत्तर ठोकळे, वाट्यांचे तीन संच, प्राण्यांचा अख्खा कळप, दोन बाहुल्या, डबे, झाकणं, चेंडू, रंगीत कापडाचे तुकडे. बोलकी मंडळी माळ्यावर गेली. मी त्यांचे सेल काढून ठेवायला लावले, कारण ते अस्वल कुणी शिंकलं तरी पाढे म्हणायला लागायचं.

दुसऱ्या सकाळी सतरंजीवर ही सगळी मांडामांड झाली आणि मुंगी मधोमध बसली. इकडचं उचललं, टाकलं, तिकडचं उचललं, टाकलं. पंधरा मिनिटांत ती उठून माझ्या खोलीत आली आणि माझा चष्मा घेऊन गेली. रेडिओ तिच्यामागून ठोकळ्यांचे गुण सांगत फिरत होता. पुढच्या आठवड्यात बोलण्याच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढी नकोत. एका वेळी तीन प्रकार पुरे, बाकीचे ठेवून द्या, चार दिवसांनी बदला. त्याप्रमाणे केलं. वाट्या, बाहुली आणि मोजके ठोकळे. दोन आठवडे गेले, तीन गेले. शब्द पाचाचे पाचच.

मुलगी कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, काही म्हणाली का. मी मुंगीच्या मागे वही घेऊन फिरायचे. रेडिओला तर काय करू नि काय नको असं झालं होतं. दर दोन दिवसांनी त्याला वाटायचं की खेळणंच चुकलं. ठोकळे मोठे हवेत. बाहुलीला डोळे नीट नाहीत. गाय खरी वाटत नाही. तो एक वस्तू न्यायचा, दुसरी आणायचा, आणि दुकानाचा मालक चांगला म्हणून त्याला काही म्हणत नव्हता. मला रात्री अंथरुणावर पडलं की शेजारच्या पोराचा ओला बूट आठवायचा.

मग बाईंनी दहा मिनिटांचं चित्रण मागितलं. आजोबा आणि नात खेळताना, नेहमीसारखं. मुलीनं रविवारी फोन उभा करून ठेवला आणि घेतलं. पाठवायच्या आधी मला म्हणाली, आत्या, बघून घे. मी बघायला बसले आणि सवयीनं हातात पेन्सिल घेतली. पस्तीस वर्षांची खोड. कुणी भराभर बोलायला लागलं की माझा हात चालू होतो.

त्या दहा मिनिटांचं मी अक्षर न् अक्षर टिपण काढलं. माझ्या नोकरीत भाषणाच्या मध्ये कुणी उठलं, खोकलं, बोलायला गेलं आणि राहिलं, तर त्याचीही खूण करायची पद्धत होती, कारण नंतर भांडणं होत. तशा खुणा मी मुंगीच्याही केल्या. रेडिओचे शब्द झाले तेराशेच्या वर. मुंगीचा एकही नाही. पण खुणा होत्या सात. सात वेळा तिनं वस्तू हातात धरून त्याच्याकडे पाहिलं होतं, श्वास घेतला होता, तोंड उघडलं होतं. आणि सातही वेळा तिच्याआधी तो बोलला होता. हो हो, वाटी! लाल वाटी! वाटीत काय घालूया, ठोकळा घालूया, घातला बघ.

मी चित्रण मुद्दाम पुन्हा लावलं, काहीतरी चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. मला त्याच्या दुकानातली एक गोष्ट आठवली. नवीन माणूस कामाला लागला की रेडिओ त्याला पहिल्या दिवशी शिकवतो, गिऱ्हाईक गप्प झालं तर आपण बोलायचं. गप्प झालं म्हणजे ते विचार करतंय, आणि विचार करून माणसं दुकानाबाहेर जातात. एकतीस वर्षं त्यानं कुणाला विचार करायला उसंत दिली नव्हती. त्याच जोरावर त्याची विक्री दुकानात सगळ्यात जास्त.

इथे मी चूक केली. कागद हळूच त्याच्या हातात देता आला असता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, मुलीच्या देखत, साहेबाला मजकूर वाचून दाखवावा तसा कोरड्या आवाजात, खुणांसकट. इथे मुंगीनं श्वास घेतला. इथे आजोबा बोलले. पाचव्या खुणेला मुलगी म्हणाली, पुरे ग आत्या. मी सातवीपर्यंत वाचलं. राग माझा होता, भीती माझी होती, आणि मी ती सगळी त्याच्या डोक्यावर ओतली. आज लिहितानाही मला त्याची शरम वाटते.

रेडिओनं कागद मागून घेतला. लघुलिपी त्याला येत नाही, तरी तो बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे खेळणं नव्हतं चुकलं."

त्या संध्याकाळी तो जेवताना काहीच बोलला नाही. मी दोनदा मुद्दाम वाकडं बोलून बघितलं, वर मानसुद्धा केली नाही. मुलगी म्हणाली, हे पाळणाघराचं जरा लवकरच करून टाकू का, म्हणजे बाबांनाही त्रास नको. मी म्हटलं, दोन महिने म्हणालीस ना, मग दोन महिने. तेव्हा तीन आठवडे उरले होते.

बाईंचा निरोप आला तो माझ्या टिपणासारखाच होता, फक्त गोड शब्दांत. ती बघेल तेव्हा बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा आणि वाट बघा. रेडिओनं मोजायचा प्रयत्न केला. त्याची दहाची मोजणी दीड सेकंदात व्हायची. पहिल्या दिवशी तो तिसऱ्या आकड्यालाच मोठ्यानं म्हणाला, वाटी. ओठ घट्ट मिटले तर नाकातून हुंकार यायला लागला. हुंकार दाबला तर हात चालायचे, पोरीच्या आधी हाच मनोरा रचून मोकळा. पुढच्या सकाळी मी बघते तर हा पाण्याचा तांब्या घेऊन सतरंजीवर बसलाय आणि गाल फुगलेले. तोंडात पाणी धरून बसला होता. पाणी गिळल्याशिवाय बोलता येणार नाही, आणि गिळेपर्यंत थांबणं होईल, असा त्याचा हिशेब. हात त्यानं मांडीखाली दाबून ठेवले होते.

मला आधी हसू आलं. मग तासाभरानं पुन्हा डोकावले, तर तो तसाच. कपाळावर घाम, पायाचा अंगठा सारखा हलतोय, डोळे मुंगीवर. एखाद्याला तापल्या तव्याशेजारी बसवावं तशी त्याची अवस्था होती. मुंगीनं वाटी दाखवली. तो नुसता मान हलवून बघत राहिला. ती बघत राहिली. काही झालं नाही, ती दुसरीकडे गेली. त्यानं पाणी गिळलं, नवा घोट घेतला.

असे दिवस जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात काही नाही. उलट मुंगी थोडी बिथरली. त्याच्या फुगलेल्या गालांना बोट लावून बघायची, त्याच्या मांडीवर येऊन बसायची आणि उठून जायची. मला वाटलं, हे भलतंच होऊन बसलं, होता तोही आवाज पोरीच्या कानावरून गेला. मी त्याला म्हटलं, "अरे, मधूनमधून बोल तरी. अगदी मुकं व्हायला कुणी सांगितलं?"

"मधूनमधून मला जमत नाही, ताई," तो म्हणाला. "सुरू झालो की मी थांबत नाही. तुला माहीतच आहे."

इतकं सरळ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी त्याचा तांब्या भरून आणला.

दुसऱ्या आठवड्यात मुंगी त्याच्याजवळ जास्त वेळ बसायला लागली. ठोकळा कानाला लावून फिरायची, बाहुलीला वाटीत कोंबायची. कसलेसे आवाज काढायची, आमच्या कुणाच्या ओळखीचे नसलेले, पण लांबलचक, बोलण्याच्या चालीचे. मी वहीत खुणा करत होते. मुलीनं मात्र पाळणाघरातून अर्ज आणला होता. तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला होता आणि पाणी प्यायला गेलं की दिसायचा. रेडिओ त्या दिवसांत पाणी घ्यायला फ्रिजकडे जाईनासा झाला.

दोन महिने भरायला तीन दिवस राहिले होते. गुरुवार होता. साडेदहाच्या सुमारास मी भाजी निवडत दारात बसले होते. सतरंजीवर वाट्या, लाकडी गाय आणि एक रिकामं खोकं. मुंगीनं खोकं उलटं केलं, त्यावर गायीला बसवलं, गायीसमोर वाटी ठेवली. आबाच्या समोर दुसरी वाटी ठेवली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो गाल फुगवून बसलेला. मी निवडायची थांबले. मनात मोजत होते, दहा होऊन गेले, वीस झाले. तिनं श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला. मग पुढे होऊन दोन्ही तळहात त्याच्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "आबा, बोल."

सगळं पाणी शर्टावर सांडलं. इस्त्रीच्या शर्टावर. त्यानं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाला शब्द सापडला नाही. ओठ नुसते हलत होते, डोळ्यांतून धार लागली होती. मुंगी हात न काढता वाट बघत होती. ती वाट बघण्यात त्याच्यापेक्षा तरबेज होती, दोन वर्षांचा सराव होता तिला.

"काय बोलू?" त्यानं विचारलं.

आणि गप्प झाला. तोंडात पाणी नव्हतं, तरी गप्प झाला. मुंगीनं बराच विचार केला. मग खोक्यावरच्या गायीकडे बोट दाखवून म्हणाली, "भू दे." गायीला पाणी हवं होतं. त्यानं तांब्या उचलला आणि वाटीत थेंबभर पाणी ओतलं.

मला कधी एकदा प्रयोगशाळेत फोन करते असं झालं. मी उठलेही. पण रेडिओनं मान हलवली. का, म्हणून मी चिडले, दोन शब्द जोडले तिनं, बाई हेच तर म्हणत होत्या, तिच्या आईनं अर्ज भरायच्या आत तिला कळायला नको का. तो म्हणाला की आपण सांगितलं तर ते आपलं बोलणं होईल. मी म्हटलं, आणि तिच्या आईसमोर ती नाही बोलली तर? शनिवारी अर्ज जाईल, मग बस सकाळभर भिंतीशी गप्पा मारत. भीती त्यालाही होती, तरी फोन त्यानं मला करू दिला नाही. त्या दिवशी तो दुकानात गेला, संध्याकाळी लवकर सुटी मागून परत आला, आणि मी दिवसभर ते गुपित तोंडात धरून घरभर येरझाऱ्या घातल्या. तोंडात पाणी धरून बसणाऱ्याचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मुलगी साडेसहाला आली. चप्पल काढली, आज विचारलं नाही. गेले काही दिवस ती विचारायची बंद झाली होती. फ्रिजवरचा अर्ज काढून टेबलावर घेऊन बसली आणि पिशवीत पेन शोधायला लागली. मी ओठ चावत होते. रेडिओ खुर्चीत, नजर जमिनीवर.

मुंगी तुरुतुरु आली. दोन्ही हातांत वाटी, रिकामी, पण सांडू नये अशी सांभाळून धरलेली. आईच्या गुडघ्याशी येऊन तिनं ती वर केली. आई आमच्याच घराण्यातली. अगंबाई, चहा आणलास वाटतं मला, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तोच रेडिओचा हात वर झाला. नुसता हात. तिनं बापाकडे पाहिलं आणि शब्द तोंडातच ठेवला.

मुंगी आईकडे बघत होती, आई मुंगीकडे. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होईना, परत करत होतं. मला वाटलं, आता नाही होणार, आता ही पाठ फिरवून जाणार, आणि मी मनातल्या मनात माझ्या भावाला शिव्या घातल्या.

"आई, फू कर," मुंगी म्हणाली. मग जरा थांबून, वाटी आणखी वर करून, "गलम आहे."

पेन खाली पडलं. मुलीनं वाटी घेतली, तिच्यावर फुंकर घातली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिला फुंकर घालता येईना. मग वर बघून विचारलं, "बाबा, ही हे कधीपासून बोलायला लागली?"

रेडिओजवळ सांगण्यासारखं केवढं होतं. सात खुणा होत्या, पाण्याचे तांबे होते, भिजलेला शर्ट अजून दोरीवर होता. तो खुर्चीत पुढे सरकला, त्यानं श्वास घेतलेला मी पाहिला.

"तिला विचार," तो म्हणाला.